गाडीतला श्वास

आमच्या दारापुढे रोज दुपारी रांग लागायची, ती माझ्या मेलेल्या भावाचा श्वास हातावर घ्यायला. चेष्टा नाही करत. भावाची जुनी पांढरी गाडी दारात उभी, इंजिन चालू, काचा बंद, एसी सुरू. एकेक जण आत शिरायचा, चालकासमोरच्या एसीच्या जाळीपाशी तळवा धरायचा आणि डोळे पुसत बाहेर यायचा. बाकीच्या जाळ्यांतून बऱ्यापैकी गार हवा, पण भाऊ जिथे बसायचा नेमकी तिथे हवा ऊन. तीही एकसारखी नाही. जरा गार, मग ऊन, पुन्हा गार, पुन्हा ऊन. कुणी श्वास घेतंय आणि सोडतंय, अगदी तसं.

हा शोध लावला भाऊ गेल्यावर दारात आलेल्या एका बाबांनी, बुवाच म्हणा ना. हे गृहस्थ पूर्वी जुन्या गाड्यांची दलाली करायचे, मग त्यांना साक्षात्कार झाला. शेजारच्या सीटवर डोळे मिटून बराच वेळ पुटपुटायचे, एकदम थांबायचे आणि विचारायचे, "बाळा, आलास का?" की लगेच जाळीतून ऊन झुळूक. लोकांच्या अंगावर काटा यायचा. आत्म्याला म्हणे गारवा सोसत नाही. काच उघडली तर श्वास निसटेल, आणि बोनेट उघडलं तर कायमचा जाईल. बोनेटचा आणि आत्म्याचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं, तर माझा भावावर जीवच नव्हता अशी कुजबुज गल्लीभर झाली.

लोकांचं मला काही नव्हतं. मला धास्ती आईची. बाकीचे जाळीपाशी क्षणभर हात धरून घरी जायचे, ती तासन्‌तास आत बसून राहायची, लेकाशी बोलत. तिचं हृदय कमजोर, डॉक्टरांनी उन्हात जायलाही मनाई केलेली. त्यात दिवसेंदिवस गार हवा कमी आणि ऊन हवा जास्त होत चालली. "तो जवळ येतोय," बाबा म्हणाले. एका दुपारी मी दार उघडलं तर आई माझ्या अंगावरच कलंडली, घामाने निथळत, ओठ पांढरेफटक. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तिचा: "काच नाही ना उघडलीस?"

माझी सटकलीच. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज भाऊ आणि मी मिळून चालवायचो, आता एकटी चालवते. गाडीला हात लावायचा नाही अशी आईने शपथ घातली होती म्हणून गप्प होते. दुसऱ्या दिवशी शपथ मोडली आणि दाब मोजायचे गेज आणि गॅसचा सिलिंडर घेऊन सगळ्यांदेखत गाडीपाशी उभी राहिले.

आधी बाबांना हात जोडून म्हटलं, आज काही विचारू नका, नुसते बसा. बाबा गप्प, तरी हवा तशीच, गार, ऊन, गार, ऊन. मग लोकांना कान द्यायला सांगितलं. बोनेटखाली 'टक' वाजायचं, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर बंद पडायचा, आणि त्यामागून हवा ऊन व्हायची. पुन्हा 'टक', कॉम्प्रेसर सुरू, हवा गार. बाबा पुटपुटत त्या आवाजाची वाट बघायचे आणि तो आला की लेकराला हाक मारायचे. असल्या किती गाड्या त्यांनी गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्या असतील देव जाणे.

बोनेट उघडलं तेव्हा आई पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. गेज लावलं. गॅस फार थोडा उरला होता. गॅस कमी झाला की दाब पडतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो, दाब जरा चढला की पुन्हा चालू होतो. उरलासुरला गॅस सगळीकडे सारखा पोचत नाही, म्हणून एका बाजूला गार आणि एका बाजूला ऊन. एका पाइपच्या जोडावर तेलाचा चिकट डाग होता. साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडे आले, म्हणजे गॅस तिथूनच गळत होता.

त्या जोडावर जुनी टेप गुंडाळलेली होती, भावाच्याच हातची. ती बघून मला रडू आवरेना. जगाच्या गाड्या नीट करणारा माझा भाऊ स्वतःच्या गाडीचा जोड काही उघडत नव्हता. हवा ऊन लागली की थोडा गॅस भरायचा आणि म्हणायचा, "उद्या बघू, ताई." आता भरणारा राहिला नव्हता. हवा ऊन येत होती ती तो आला म्हणून नव्हे, तो नाही म्हणून. हे आईला मलाच सांगायचं होतं. सांगितलं.

मग सील बदललं, पाइपांतली हवा ओढून काढली, गॅस भरला. तेवढ्यात बाबा केव्हा सटकले ते कुणाला कळलंही नाही. आई चालकाच्या सीटवर बसली, जाळीपाशी तळवा धरला. हवा गार आणि एकसारखी. तिने बराच वेळ हात काढला नाही.

"गेला ना गं तो?"

"हो, आई."

"मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते?"

मी तिला पोटाशी धरलं. भाऊ गेल्यापासून ती रडलीच नव्हती, बाबांनी तशी गरजच ठेवली नव्हती. त्या दिवशी मात्र ती पोटभर रडली.

शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बिचारीला तेवढंच समाधान होतं, कशाला हिसकावलंस? काकू, ते समाधान तिचा जीव घेत होतं. असे बाबा सुखाच्या दिवसांत फिरकत नाहीत, घरातलं माणूस गेलं की बरोबर दार शोधत येतात. तेव्हा रडा, हवं तेवढं रडा, पण जे उघडू नका म्हणून सांगतील ते आधी उघडून बघा. माझ्या भावाला परत आणणं माझ्या हातात नव्हतं. आईला त्या गाडीतून बाहेर काढणं होतं.