पेडगावच्या तेलभट्टीचं पथ्य

मित्रांनो, भट्टी म्हटलं की तुम्हाला चुरमुरे, फुटाणे आठवतील. मी त्यातली नव्हे. पेडगावच्या शिवारात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली, टाकाऊ प्लास्टिकचं तेल काढणारी मी भट्टी. माझा जन्म परभणीच्या एका वर्कशॉपातला. पोटात प्लास्टिक भरायचं, झाकण आवळायचं, खालून जाळ लावायचा. प्लास्टिक वितळून त्याची वाफ होते, नळीत ती निवते आणि तेल ठिबकतं. दिसायला काळपट, वासाला उग्र, पण बॉयलर पेटवायला झकास.

माझे मालक तात्याराव. माणूस भला, पण भारी भिडस्त. प्लास्टिक निवडायला सारजाबाई आणि तिचा नवरा व्यंकटी. पूर्वी दसरा झाला की ही दोघं लेकरांसकट ऊसतोडीला जायची. माझ्यामुळे त्यांना गावातच काम मिळालं आणि लेकरांची शाळा सुटायची थांबली. मला याचा तेलापेक्षा जास्त अभिमान आहे, खोटं कशाला बोलू!

लोकांना वाटतं, कचरा फुकटचा, तेल विकायचं, म्हणजे नफाच नफा. हात्तिच्या! कचरा गोळा करायला, आणायला, झटकायला मजुरी पडते. स्वच्छ पिशव्या दिल्या तर मी वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल देते. निघणारा गॅस माझ्याच खाली जळतो, सरपण वाचतं. पण शेतात पिकाखाली अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागद चिखलासकट दिला, तर मातीचं काही तेल होत नाही. सरपण मात्र जळतंच. म्हणजे नफा माझ्या पोटात नाही, फाटकातून आत काय घेता त्यावर ठरतो.

तात्यारावांना हे कळत होतं, पण वळत नव्हतं. त्यांची लेक मंजुषा बोरीला दिलेली. तिचे सासरे भगवानराव शेतातले जुने पीव्हीसीचे पाइप ट्रॉलीभर घेऊन आले. या पाइपातून आम्ल सुटतं, ते भट्टीलाच खातं, असं मला बसवणाऱ्या फिटरने बजावलं होतं. पण लेकीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणावं? तात्यारावांनी पाइप वजन करून घेतले, वर टोपी-उपरण्याचा आहेर केला. व्हायचं तेच झालं. तेल नासलं, बॉयलरसाठी ते घेणाऱ्या गिरणीवाल्याने पिंपं परत धाडली, माझी नळी सडून गळायला लागली. मी बंद पडले. शेडमध्ये शेळ्या बांधल्या गेल्या, माझ्या अंगावर गवऱ्या वाळू लागल्या. फार वाईट वाटलं.

दसरा जवळ आला तसा ऊसतोडीचा मुकादम आगाऊ पैशांची उचल घेऊन सारजाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. त्याला तसंच बसवून ती तडक शेडवर आली. पाहते तर फाटकात पुन्हा पाइपांची ट्रॉली, आणि बाजेवर भगवानराव चहा पीत बसलेले. भट्टी चालणार का, एवढंच तिने विचारलं. तात्याराव म्हणाले, नवी नळी बसवली, उद्या पेटवू.

"नळीचं न्हाई इचारलं, तात्या. पाव्हण्याचं इचारलं. न्हाईतर आमी लेकरं घेऊन जायलाव."

तात्याराव उठले. त्यांनी व्याह्यांपुढे हात जोडले.

"व्याहीबुवा, तुमी जेवून जा. पाइप मात्र माघारी न्या."

भगवानराव अर्धा चहा तसाच ठेवून उठले. ट्रॉली वळली. सारजाबाईने घरी जाऊन मुकादमाला वाटेला लावलं.

आता माझं बरं चाललंय. स्वच्छ तेवढंच फाटकातून आत येतं, तेल चांगलं निघतं, गिरणीवाला पुन्हा घेतो. पण दिवाळीला भगवानरावांनी मंजुषाला माहेरी धाडलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी तात्याराव माझ्याजवळ येऊन बसले. जाळ नव्हता, काम नव्हतं, तरी बसून राहिले.

तेव्हा मित्रांनो, प्लास्टिक टाकताना माती झटका, पाइप वेगळे ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी बोरीचं असेल, तर भगवानरावांना माझा एक निरोप द्या. पथ्य माझं होतं, तात्यारावांचा काही गुन्हा नाही. राग माझ्यावर धरा, पण लेकीला माहेरी धाडा.