तीन नंबरची बाटली

वेस्लीने पिकनिकच्या निळ्या बर्फपेटीचं झाकण उचललं, थर्मामीटर आत खुपसला आणि झाकण परत लावलं. एकशे बावन्न अंश फॅरनहाइट. मघाशीही एकशे बावन्नच होतं. पेटीत भरडलेलं जव गरम पाण्यात मुरत होतं. त्याला अजून चाळीस मिनिटं मुरायचं होतं, म्हणजे वेस्लीलाही.

"सारखं उघडून बघितलं की ऊब जाते," आर्माँ म्हणाला.

"दोनदाच उघडलं."

"मी पाच मोजलेत. त्यातल्या एका वेळी मला डुलकी लागली होती, म्हणजे सहा धर."

आर्माँ तेसिए हा वेस्लीचा सासरा. वय एक्क्याऐंशी. आपली घडीची खुर्ची त्याने गॅरेजच्या बाजूच्या दारात, बरोबर मधोमध मांडली होती. मोठं दार वर जात नसे. त्याची स्प्रिंग वेस्ली लग्न करून इथे आला त्याच वर्षी तुटली होती, आणि तो ती त्याच आठवड्यात बसवणार होता. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्यामुळे बाहेर जायचं तर आर्माँला उठवावं लागे. उठायला त्याला चार मिनिटं लागत, पैकी दोन गुडघ्याचा इतिहास सांगण्यात जात.

वेस्ली एका हंगामापुरता मॉक्सी गावी आला होता. हॉपची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, काढणी संपली की बायकोला, रेनीला, घेऊन स्पोकेन शहरात जायचं, असं ठरलं होतं. मग सासूबाई ओडेट आजारी पडल्या, मग त्या गेल्या, मग आर्माँचा गुडघा गेला. दरम्यान शेतही जात राहिलं, दर वर्षी थोडं थोडं, शेजारच्या गान्योंकडे. आता फक्त दोन एकर उरले होते, आणि त्यात क्लस्टर. जुनं वाण. कडू आणि जरा रानटी. बिअर करणाऱ्या कंपन्या हल्ली आंब्याचा नाहीतर लिचीचा वास येणारी फुलं मागत आणि क्लस्टरकडे बघतही नसत. पण ते वेल ओडेटने लावले होते, आणि दर मार्चमध्ये अठरा फूट उंच तारांवर त्यांचे दोर बांधायला शिडीवर कुणीतरी लागे. कुणीतरी म्हणजे वेस्ली.

स्पोकेनमध्ये त्याला लिफ्टदुरुस्तीचं काम मिळत होतं. अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचं काम. वर्षअखेरपर्यंत कंपनी त्याची वाट बघणार होती.

ऑगस्टमध्ये जेवताना तो एवढंच म्हणाला होता की बिअरमध्ये गेल्यावर हॉप सगळे सारखेच. आर्माँने काटा खाली ठेवला होता.

"माझं फूल मी ओळखतो."

"ओळखता आलं नाही तर?"

"तर वेल उपटू. जमीन गान्योंला. तुम्ही दोघं स्पोकेनला, आणि मी त्या माझ्या बहिणीकडे, जी मला आवडत नाही."

"आणि ओळखता आलं तर?"

"तर मार्चमध्ये शिडीवर तू, जावईबापू. आणि पुढच्या मार्चमध्येही."

पैजेची अट एकच होती. बिअर अख्ख्या धान्यापासून करायची. वेस्ली आजवर डब्यातला तयार पाक पाण्यात ढवळून बिअर करत असे, आणि आर्माँ तिला सूप म्हणत असे. फुलाची चव कळायची तर त्याच्याखालचं जव खरं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून आज एकाच जवाचा काढा निघणार होता, चार भांड्यांत वाटला जाणार होता आणि प्रत्येक भांड्यात एकाच जातीचं हॉप पडणार होतं. एक कॅस्केड, दोन चिनूक, तीन क्लस्टर, चार विलॅमेट. बाकी पाणी, यीस्ट, दिवस, सगळं सारखं.

दुपारी चारही भांडी उकळायला लागली तेव्हा हॉप मोजायची वेळ आली. चारही पिशव्या गॅरेजमधल्याच जुन्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होत्या.

"एकेकच काढ," आर्माँ म्हणाला. "एक मोजली की परत आत. ऊब लागली की फुलाचं चीज होतं. खरंच, चीजचा वास येतो."

वेस्लीने पहिली पिशवी काढली, चहाच्या कपात फुलं मोजली आणि पिशवी परत ठेवली. मग दुसरी.

"वजन करतोयस की औषध देतोयस?"

"मला जरा बाहेर जायचंय."

"आत्ता?"

"सकाळपासून."

आर्माँ उठला. गुडघ्याचा इतिहास यावेळी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून सुरू झाला. वेस्ली परत आला तेव्हा चार नंबरचं भांडं उतू जात होतं. एका हाताने त्याने गॅस कमी केला, दुसऱ्या हाताने फ्रिजमधून पिशवी काढली, तिसऱ्या कपात मोजली, मग दुसरी काढून चौथ्यात. चारही कप चार भांड्यांत रिकामे झाले, आणि गॅरेजभर वास सुटला.

बिअर आंबली, बाटल्यांत भरली गेली, बाटल्या दोन आठवडे अंधारात राहिल्या. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी, तिघं गॅरेजमध्ये बसले. आर्माँची खुर्ची दारात. रेनीने चार पेल्यांना खालून नंबर चिकटवले आणि वही उघडली. कोणता नंबर कशाचा, ती चिठ्ठी वेस्लीच्या खिशात होती.

"बर्फ," आर्माँ म्हणाला.

साठ वर्षं हॉप पिकवलेला हा माणूस बिअरमध्ये बर्फ घालून पीत असे. हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढी एक गोष्ट लग्नाच्या वेळी वेस्लीला बजावून सांगितली होती.

वेस्ली उठून फ्रिजपाशी गेला. वरच्या कप्प्यात बर्फाचे दोन काठोकाठ भरलेले ट्रे होते. त्याने एकातून दोन खडे काढले, आणि ट्रे परत सरकवताना गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी घसरली. तिच्याखाली क्लस्टरची पिशवी होती. सीलबंद. रेनीच्या अक्षरात नाव, तारीख. शेजारी कॅस्केडची पिशवी, असायला हवी त्यापेक्षा बरीच रिकामी.

वेस्लीने वाटाणे होते तसे वर ठेवले आणि दार लावलं.

"सापडला का, का गोठवतोयस?"

"सापडला."

आर्माँने पहिला पेला हुंगला, घोट घेतला. "कॅस्केड. हे झोपेतही कळेल."

दुसरा. "चिनूक. पाइनच्या फळीने दात घासल्यासारखं."

मग तिसरा सोडून चौथा उचलला. "विलॅमेट. चर्चमधल्या बायकांच्या पर्सला असा वास असतो."

"पपा," रेनी म्हणाली.

"असतो."

तिसऱ्या पेल्यापाशी तो थांबला. हुंगून खाली ठेवला, परत उचलला. छोटा घोट घेऊन तो तोंडात घोळवत बाहेर उघड्या तारांकडे बघत राहिला.

"ही," तो म्हणाला. "ओडेट वेल दोरावर चढवून यायची ना, तेव्हा तिच्या हाताला हाच वास असायचा. जेवतानाही. साबणाने जायचा नाही."

रेनी वेस्लीकडे बघत होती. वरच्या खोलीत तिने खोक्यांत बांधायला घेतलेल्या बशा होत्या. निम्म्या बांधून झाल्या होत्या.

"वेस? चिठ्ठी?"

वेस्लीने चिठ्ठी काढली, उलगडली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाचली. तिच्यात चारच शब्द होते.

"तीन," तो म्हणाला. "क्लस्टर." चिठ्ठीवर तसंच लिहिलं होतं, त्यामुळे हे खोटंही नव्हतं.

रेनीने पेनाला टोपण लावलं. ते लागलेलं असूनही आणखी एकदा दाबलं.

"मग मार्चमध्ये शिडी," आर्माँ म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, फक्त कान लाल झाले होते. "बर्फ वितळला माझा."

"मी आणतो."

"बस. मला पाय आहेत."

"गुडघा—"

"गुडघाही आहे."

चार मिनिटं लागली. वेस्लीला ती उगाच कमी वाटली. आर्माँने फ्रिजचं वरचं दार उघडलं आणि तो त्याआड गेला. खाली फक्त त्याचे पाय दिसत होते. फ्रिज गुणगुणायला लागला. बूट हलले नाहीत. रेनीने वहीत रेघ मारली, मग तिच्याखाली दुसरी.

दार बंद झालं. आर्माँ परत आला तेव्हा त्याच्या हातात वाटाण्यांची पिशवी होती आणि शर्टाचा खिसा फुगला होता.

"बर्फ संपलाय," तो म्हणाला.

खुर्चीत बसून त्याने वाटाणे गुडघ्यावर ठेवले. मग पहिला पेला उजव्या हातात घेतला, तिसरा डाव्या. उजव्यातून एक घोट. डाव्यातून एक. पुन्हा उजव्यातून. बर्फाशिवाय.

"बरी झालीय," तो म्हणाला. "दोन्ही."

वेस्ली आपल्या बुटांकडे बघत होता.

"स्पोकेनला घरांना गॅरेज असतं का रे?"

"असतं."

"दोन दारांचं बघ. एकात कुणीतरी बसणारच."

"पपा," रेनी म्हणाली, "तू जिंकलास ना."

"जिंकलोच आहे. म्हणून तर सांगायचा हक्क आहे. गान्योंला विचार, वेल उपटायला त्याचा ट्रॅक्टर कधी मोकळा होतोय ते. मार्चच्या आत." खिशातल्या पिशवीवर त्याने हात ठेवला. "आणि तू, जावईबापू, एवढं तोंड पाडून बसू नकोस. एकाच घरात दोन खोटारडे पुरेत."

"दुसरा कोण?" रेनीने विचारलं.

आर्माँ कण्हत अर्धवट उठला, खुर्ची हाताने धरून डावीकडे सरकवली, पार भिंतीशी ठेवलेल्या जुन्या टायरला टेकेपर्यंत, आणि पुन्हा बसला. दारात आता माणूस सहज जाईल एवढी जागा झाली होती. बाहेर ऊन होतं, उघड्या तारा होत्या.

वेस्लीने आपला पेला तीन नंबरच्या बाटलीतून भरला आणि बसून राहिला.