माझ्या दारावरचा दीर्घ रू

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि मध्यंतरी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला रंग द्यायचा ठरला, इथपर्यंत सगळं उत्तम. पण रंग कोणता, तर गंजाचा! अंगावरचा खरा गंज घासून काढायचा, त्याच जागी ब्रशने खोटा गंज काढायचा आणि वर चकचकीत वार्निश मारायचं. म्हणे जुनी स्टाईल! अहो, पन्नास वर्षं ऊन-पाऊस खाऊन मी जो कमावला, त्या गंजाने तुमचं काय घोडं मारलं होतं?

एवढं तरी मी सोसलं असतं. माझा खरा राग दारावरच्या एका अक्षरावरून होता. तो समजायचा तर तुम्हाला माझं सगळंच ऐकावं लागेल.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी साधी शाई-निळी होते. माझे मालक पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. माझ्या हौद्यात पाईप, पाने, दोरखंड आणि ग्रीसचा डबा कायम असायचा. पंप बंद पडला की सगळी वस्ती आमची वाट बघायची. मी वळणावर दिसले की बादल्या घेऊन ताटकळलेल्या बायका म्हणायच्या, "आली एकदाची!" याहून मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही.

काम वाढलं तसं दारावर पाटी हवी झाली. मालकांचं शिक्षण बेताचं, म्हणून त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला मजकूर लिहून द्यायला सांगितला. तिला घरात सगळे ताई म्हणायचे, मीही म्हणते. ताईने वहीचं पान फाडलं आणि जीभ बाहेर काढून, मन लावून लिहिलं: 'सर्व प्रकारच्या पंपांची दुरूस्ती'. गावातल्या पेंटरकाकांनी ती चिठ्ठी समोर ठेवली आणि साय-पिवळ्या रंगात एकेक अक्षर काढलं. प्रत्येक अक्षराला लाल रेघेची बारीक किनार दिली आणि कोपऱ्यात आपलं नाव टाकलं. त्यांचा हात असा होता की पट्टीसुद्धा लागायची नाही.

मागे सरकून बघितल्यावर काकांच्या लक्षात आलं. 'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व असतो आणि दारावर तो दीर्घ झाला होता. दुरुस्तीलाच दुरुस्ती हवी होती! काका फडकं भिजवून पुसायला निघाले, तर मालकांनी त्यांचा हात धरला. पोरीने पहिल्यांदाच घरच्या कामाला हातभार लावला आहे, चुकलं म्हणालात तर हिरमुसेल, राहू दे तसंच, असं ते म्हणाले. काका हसले आणि त्यांनी फडकं पिळून ठेवून दिलं.

पुढे काय झालं ऐका. मालक एकदा शाळेचा पंप बघायला गेले, तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. मुख्याध्यापकांनी दार वाचलं आणि ते पोट धरून हसले. शाळेचे सगळे फलक त्याच महिन्यात काकांकडून रंगवून घ्यायचे ठरले होते. ते काम दुसऱ्याला गेलं. ज्याला दुरुस्ती लिहिता येत नाही त्याच्याकडून मुलांनी काय वाचायचं, असा सवाल झाला. गोष्ट गावभर झाली. काकांना लोक 'दीर्घ पेंटर' म्हणू लागले. पाट्या हातातून गेल्या आणि उरले ते खिडक्यांचे गज आणि पत्र्याची दारं.

आणि माझे मालक? माणूस देवासारखा, पण इथे ते चुकले, मी तोंडावर सांगेन. मुलीसाठी ते गप्प बसले. ताईला दोन वर्षांत शाळेतच ऱ्हस्व-दीर्घ कळलं, चूक कुणाची तेही कळलं, आणि तीसुद्धा गप्प बसली. काकांनी चिठ्ठीचं नाव कधी काढलं नाही. तेव्हापासून कोणत्याही कामाखाली त्यांनी आपलं नाव मात्र टाकलं नाही.

मालक गेल्यावर मी बारा वर्षं शेडमध्ये पडून होते. सीटमध्ये मांजरीची तीन बाळंतपणं झाली. माझी विचारपूस करणारी तेवढी एकच.

मग अवतरले ताईचे जावईबापू. त्यांनी कॉफीचं दुकान काढलं आहे आणि दारात शोभेला मी हवी आहे. ते गॅरेजमध्ये ताईला खुर्चीवर बसवून मोबाईलवर चित्रं दाखवत होते: बॉनेटवर आगीच्या ज्वाळा, बाजूला खोटा गंज. रंगारी पॉलिश पेपर घेऊन दाराशी आला तसे जावईबापू ओरडले, दाराला हात लावू नका! मला वाटलं, चला, निदान एवढी तरी अक्कल आहे. तर म्हणतात कसे, "आई, ही चूकच तर खरी मजा आहे. लोक हिचे फोटो काढतील. कोण अडाणी पेंटर होता हो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय नाहीत म्हणून काय झालं! ज्या अक्षराने एका माणसाच्या पोटावर पाय आणला, ते आता वार्निश मारून मिरवायचं?

ताई खुर्चीवरून उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अडाणी मी होते," ती म्हणाली. "ती चूक माझी आहे."

जावईबापूंनी मोबाईल खिशात घातला. ताई तडक काकांच्या घरी गेली आणि तासाभराने त्यांना घेऊनच आली. काका आता ऐंशीला टेकले आहेत, चष्म्याची भिंगं जाड झाली आहेत. दाराशी उभं राहून ताईने रडत रडत सगळं कबूल केलं.

"मला ठाऊक होतं गं," काका म्हणाले. "चिठ्ठी तुझ्याच अक्षरात होती."

रंग काकांनीच ठरवला. ज्वाळा बघून म्हणाले, आमच्या काळी गाडीतून ज्वाळा निघाल्या की लोक पळायचे. खोटा गंज रद्द झाला. पुन्हा शाई-निळा रंग, साय-पिवळी अक्षरं आणि हाताने मारलेली लाल किनार. नुसत्या हाताच्या सवयीवर त्यांनी दारावर 'दुरुस्ती' लिहिलं आणि कोपऱ्यात आपलं नाव टाकलं.

पण ताईचं समाधान होईना. दार बघून लोकांना कसं कळणार की आधी काय होतं आणि कुणामुळे? तिने ब्रश मागून घेतला, मागच्या फाळक्यापाशी बसली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'पहिली चुक माझी होती, पेंटरकाकांची नव्हती.' आता कॉफीच्या दुकानात माझ्या मागून येणारा प्रत्येक जण ते वाचणार.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगणार आहे असं तुम्हाला वाटलं असेल. घ्या, जरूर घ्या. पण पत्रा काय, कुणीही घासून देतं. तुमच्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत असेल, तर तिथल्या तिथे तोंड उघडा. तो माणूस ऐंशीचा व्हायची वाट बघू नका. आमच्या काकांना फाळका वाचायला नाक पत्र्याला टेकवावं लागलं.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ताईच्या हातातला ब्रश घेतला.

"चू दीर्घ," ते म्हणाले. "या वेळी आत्ताच सांगतो."