पुस्तकी इटालियन

मावशींनी उभी हयात इटालियन साहित्य वाचण्यात आणि शिकवण्यात घालवली, पण इटालियन माणसाशी चार शब्द बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कॉलेजात त्यांचा एकच पेपर असायचा: प्रबोधनकाळाच्या उतारापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. शूरवीरांची महाकाव्यं, मेंढपाळांची नाटकं, शब्दांची आतषबाजी करून वाचकाला दिपवणारे कवी, मुखवटे घालून केलेली प्रहसनं आणि शेवटी देश एक व्हावा म्हणून लिहिलेल्या जाडजूड कादंबऱ्या. मुलं हा पेपर घ्यायची, कारण मावशी कुणाला नापास करत नसत. तिकडे एकदा जाऊन यावं असं त्यांच्या मनात होतं. पण आधी आईचं आजारपण आलं, मग आई गेली, मग एकटीने कुठे जायचं म्हणून राहिलं ते राहिलंच. निवृत्तीनंतर तर एकटा जीव सदाशिव. दोन खोल्या, एक कॉट माणसाची आणि एक पुस्तकांची.

अशात त्यांच्या भाचीने लग्न केलं ते नेमकं एका इटालियन मुलाशी. ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, आधी थोडी आदळआपट केली आणि मग तीच म्हणाली, "बरं झालं. तुझ्या शिक्षणाचा घरात कुणाला तरी उपयोग होईल."

उपयोगाची वेळ आली ती जावयाची आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा. ताईच्या घरी जेवण होतं. मावशींनी स्वागताचं वाक्य चार दिवस घोकलं होतं. पाहुणी दारातून आत आली. सत्तरीची, बुटकी, आखूड केसांची बाई. मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते वाक्य न अडखळता म्हणून दाखवलं.

जावयाच्या हातातली बशी तिरकी झाली. तो हसू आवरत होता, पण ते काही आवरलं नाही.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही," तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "मावशी फार सुंदर बोलल्या. पण असं आमच्याकडे आता फक्त थडग्यांवर लिहितात."

म्हणजे कुणी आपल्या घरी यावं आणि उंबऱ्यातच म्हणावं, 'हे सुभगे, तव दर्शने मी धन्य जाहलो,' तसं काहीसं झालं होतं. सगळे हसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मावशींचा हात धरून भराभर काहीतरी विचारलं. मावशींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"हात पुसायला टॉवेल मागतेय," जावई म्हणाला.

मावशींना त्या भाषेत अश्रूंसाठी चार शब्द माहीत होते, आणि प्रत्येकाची छटाही. टॉवेलला एकही येत नव्हता. त्या रात्री त्या फारशा जेवल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. भाची आणि जावई दिवसभर कामावर. ताईचा फोन आला.

"विहीणबाईंना दिवसा तुझ्याकडे सोडू का? तुला निदान त्यांची भाषा येते."

"येत नाही, ताई. त्या दिवशी पाहिलंस ना."

"जी काय येते ती. मला तर तीही येत नाही."

विहीणबाई सकाळी यायच्या आणि संध्याकाळी जावई न्यायला येईपर्यंत थांबायच्या. पहिल्या दिवशी दोघी समोरासमोर बसून एकमेकींकडे पाहून मान हलवत राहिल्या. शेवटी विहीणबाई कंटाळून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक वस्तू उचलून तिचं नाव सांगायला लागल्या. चाळणी, झाकण, चिमटा, फडकं. मावशी मागोमाग म्हणत होत्या. चुकलं की विहीणबाई त्यांच्या मनगटावर चापट मारायच्या. या वयात मार खायला लागतोय, याचं मावशींना हसू आलं, आणि बरंही वाटलं.

हळूहळू वाक्यं जुळू लागली. विहीणबाईंनी जन्मभर केस कापायचं दुकान चालवलं होतं. घरी त्या गावची बोली बोलायच्या. पुस्तकातली इटालियन त्यांनाही शाळेत शिकावी लागली होती.

"बोलीत बोललं की मास्तर कान पिळायचा," त्या म्हणाल्या. "तू अगदी माझ्या मास्तरासारखी बोलतेस."

घरात एक भाषा आणि लिहायला दुसरी, या लेखकांच्या पेचावर मावशींनी वर्षानुवर्षं व्याख्यान दिलं होतं. त्यांनी ते विहीणबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. विहीणबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "कांदा चिरू का?"

एकदा मावशींनी आपला आवडता कवी काढला, जन्मभर खिडकीशी बसून बाहेरच्यांचं जगणं पाहणारा. विहीणबाईंनी चष्मा लावला आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. आवाज घोगरा होता. पण ज्या ओळी मावशींनी आजवर फक्त डोळ्यांनी वाचल्या होत्या, त्यांना आज श्वास होता, कुठे थांबायचं ते होतं. मावशी खुर्चीत ताठ झाल्या.

"अजून वाचा ना."

"नको. रडका आहे." विहीणबाईंनी पुस्तक मिटलं. "तुझे केस कुणी कापले?"

"मीच."

"दिसतंच आहे. कात्री आण."

बाल्कनीत स्टूल ठेवलं, खांद्यावर जुनी चादर टाकली. विहीणबाईंनी मावशींचं डोकं दोन्ही हातांत धरून सरळ केलं. आई गेल्यानंतर त्यांच्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मावशींचे डोळे भरून आले. विहीणबाईंना ते दिसलं असणार, पण त्या सुनेच्या स्वयंपाकातल्या आळशीपणाची गोष्ट सांगत राहिल्या, आणि ती मावशींना शब्द न शब्द कळली.

जायच्या दिवशी ताईच्या दाराशी सामान लावलेलं होतं. ताई डोळ्याला हिरवी पट्टी लावून उभी होती. विहीणबाई मावशींच्या कानाशी येऊन काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?" ताईने विचारलं.

"गॅस बंद करत जा, तू विसरतेस, म्हणाल्या."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

घरी आल्यावर मावशींनी वाचन पुन्हा सुरू केलं. पण आता पान उघडलं की खोलीची शांतता आधी ऐकू यायची. पूर्वी ती कधी जाणवली नव्हती. पुस्तकं मुकीच असतात, असं त्या धरून चालल्या होत्या. दोन-तीनदा स्वतः मोठ्याने वाचून पाहिलं. आवाज थडग्यावरचाच आला.

मग एका दुपारी भाचीकडून नंबर घेऊन त्यांनी फोन लावला. विहीणबाईंनी उचलला. हात नाहीत, चेहरा नाही; निम्मं कळेना. पलीकडे ऐकूही कमी येत असावं. "कोण? कोण?" एवढंच येत राहिलं. मग फोन कुणीतरी घेतला. जावयाची बहीण असावी, आवाज तरुण होता.

"कोण बोलतंय?"

सुनेच्या मावशीला त्या भाषेत काय म्हणायचं, ते मावशींना सुचेना.

"त्यांनी माझे केस कापले होते," त्या म्हणाल्या.

"अहो, आईने अर्ध्या गावाचे केस कापलेत," मुलगी चांगुलपणाने म्हणाली. "काही निरोप आहे का?"

मावशींकडे निरोप नव्हता. "सांगा, गॅस बंद करते," त्या म्हणाल्या. मुलीने ते पुन्हा विचारलं, मावशींनी पुन्हा सांगितलं, आणि मुलगी "बरं" म्हणाली. तिला कळलं की नाही, कुणास ठाऊक. फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ बाल्कनीत बसून राहिल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी झटकत होतं. ते काम संपेपर्यंत त्या बघत राहिल्या.