दगडाची उत्तरं

आमच्या नदीत दगड फुकट आहेत आणि नदीत ठेवायलाही कुणी भाडं मागत नाही. तरी माझा नवरा तीस वर्षं ते घरी आणतोय. तोकुजी त्याचं नाव. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करण्यात आयुष्य गेलं आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस नदीत वाकून. एखादा दगड त्याला डोंगरासारखा दिसतो, मग त्या दगडाला नेमकी बसेल अशी लाकडाची बैठक तो कोरत बसतो.

मला दगडात दगड दिसतो. हे मी त्याला जेवताना, पाहुण्यांसमोर, कुठेही ऐकवते. पण तो माझा हक्क आहे. तीस वर्षं त्या दगडांना ठेचकाळून मी तो कमावलाय.

दर शरदात गावच्या सभागृहात हौशी लोकांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरतं. यंदा तोकुजीने ‘धुक्यातला डोंगर’ मांडला होता. त्याच्या बाजूला आमच्या शेजारच्या मित्सुयोची, रंगीत कागद फाडून चिकटवलेली पर्सिमनची फळं. दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही. तिच्यात गावचे लोक ‘फार छान वेळ गेला’ असं लिहितात आणि घरी जाऊन काय बोलायचं ते बोलतात. पण लाल पानं बघायला निघालेल्या शहरी लोकांची बस आमच्या सभागृहापाशी थांबते, कारण आमचा संडास स्वच्छ आहे. त्या लोकांना ही रीत ठाऊक नाही.

पहिल्या संध्याकाळी तोकुजीने वही उघडली. टोपीवाल्या एका बाईने लिहिलं होतं, ‘दगडाचं काही कळलं नाही, पण खालचं लाकूड अप्रतिम!’

बिचारीने कौतुकच केलं होतं. पण ती बैठक त्याने अख्खा हिवाळा कोरली होती, ती कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. या दगडवेड्या लोकांत बैठकीची स्तुती म्हणजे दगडाच्या तोंडात मारणं.

“परवा आवरलं की सगळे नदीत सोडून येतो,” घरी आल्यावर तो म्हणाला.

“सगळे?”

“छप्पन्नच्या छप्पन्न. कपडे वाळत घालायला तुला जागा होईल.”

तीस वर्षं मी याचसाठी देवाला हात जोडत होते. पण त्याने दुसऱ्यांदा सूप मागितलं नाही, आणि मला असा राग आला की मी पातेलंच उचलून आत नेलं. मी तीस वर्षं घसा फोडून ज्याला एक दगड टाकायला लावू शकले नाही, त्याला या बाईने एका ओळीत छप्पन्न टाकायला लावले. तेही संडासाला जाता जाता!

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसायची पाळी माझी होती. मी वही उघडली आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘बाई, तुम्ही लग्नाला जाऊन नवरदेवाचे बूट बघता का? — दगड.’

वहीत उत्तर लिहिणं आमच्याकडे कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मित्सुयोने ते वाचून तोंडावर रुमाल धरला. “अहो वहिनी, लोक काय म्हणतील!”

“तेच तर बघायचंय,” मी म्हटलं.

पुढची बस आली. एका पोट सुटलेल्या गृहस्थाने लिहिलं, ‘अशा दगडाने आमची आई मुळ्याचं लोणचं दाबते.’ दगडाने कळवलं, ‘ती माझी मावशी. तिला नमस्कार सांगा. ती कामाची आहे, मी हौशी.’ कुणी विचारलं, ‘हा घडवलाय की नुसता उचलून आणलाय?’ दगड म्हणाला, ‘मी तुम्हाला असं विचारलं का?’ एका चिमुरडीने लिहिलं, ‘तू खरंच डोंगर आहेस?’ तिला सांगितलं, ‘लांबून बघ. अजून लांबून.’ पोरगी मागे मागे सरकत दारातल्या चपलांवर जाऊन बसली आणि तिथून ओरडली, “आहे! आहे!”

दुपारपर्यंत वहीपुढे रांग लागली. गावचे लोकही परत आले आणि पहिल्यांदाच मनातलं लिहू लागले.

तिसऱ्या दिवशी मी डबा खाऊन परतले, तर नवा प्रश्न हजर. ‘दगडमहाराज, तुम्हाला नावं ठेवणाऱ्या घरात परत जायचंय, की नदीत? — एक वाटसरू.’ अक्षर पार्सलवरच्या पत्त्यासारखं, ठळक आणि उभं. ज्याने जन्मभर लोकांची अक्षरं वाचली, त्याला माझं ओळखायला कितीसा वेळ लागणार? वाटसरू माझ्याकडे पाठ करून मित्सुयोची फळं बघत उभा होता. इतक्या बारकाईने ती आजवर कुणी बघितली नव्हती.

“वहिनी, शाई संपली का?” मित्सुयोने विचारलं.

“तू गप बस,” मी म्हटलं. मग लिहून टाकलं.

‘दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात मालक चाळीस दिवस इस्पितळात होते. रोज पाणी मिळालं नाही तर आम्हा दगडांचा रंग उतरतो. ते घरी आले, अंगणात आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, यंदा पाऊस बरा झालेला दिसतोय. पाऊस एक थेंब झाला नव्हता. मला त्याच घरी जायचंय.’

तोकुजी आला, चष्मा लावला, दोनदा वाचलं. त्याचं नाक लाल झालं. मग दगडाकडे गेला आणि वाकून त्याची डावी बाजू कितीतरी वेळ बघत राहिला. परत आला तेव्हा मी डोळे पुसून, आता काय गोड बोलतो म्हणून बसले होते.

“तू एकाच बाजूने पाणी घालत होतीस,” तो म्हणाला.

“काय?”

“डावीकडे रंग कमी चढलाय. दोन वर्षं डोकं खाजवतोय, हे झालं कसं.”

“छप्पन्न दगड!” मी उठलेच. रांगेतले लोक वळून बघायला लागले. “रोज झारी घेऊन छप्पन्न दगड, वर तुमचा इस्पितळातला डबा, आणि तुम्हाला डावी बाजू दिसते? एवढं कळतंय तर पुढच्या उन्हाळ्यात स्वतः घाला!”

“घालीन,” तो म्हणाला.