रसाच्या गाड्यावर मी जाणार नाही

मी जुनी मोटारसायकल आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी टाकीवरचा पोचा दाखवून मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको. पोचा माझाच आहे आणि सायलेन्सरवरचा गंजही माझाच. मित्रांनो, वजनाने मी दोनशे किलोच्या आसपास. लांबच्या प्रवासासाठी मला घडवलं आहे. भाजी आणायला मला बाहेर काढणाऱ्याचं माझ्याशी कधीच जमलं नाही, आणि त्याचं मला काही दुःख नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. शेवटच्या टेबलापाशी एका माणसाने माझ्या इंजिनाला कान लावला, मान हलवली आणि खडूने बरोबरची खूण केली, एवढंच. माझी तेवढी परीक्षा झाली. तेव्हापासून मी परीक्षा घेते.

माणसं मोजायला मला फार वेळ लागत नाही. किलोमीटरचा आकडा माझ्या कपाळावर आहे आणि तो कुणाची भीड ठेवत नाही. पहिले मालक त्र्यंबकराव, पुलांची पाहणी करत फिरणारे इंजिनियर. त्यांच्या नावावर बेचाळीस हजार किलोमीटर. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला विकलं. मला न्यायला माणूस आला त्या दिवशी ते आतल्या खोलीत जाऊन बसले आणि बाहेर आलेच नाहीत.

दुसरा अनुराग. पुण्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आलेला, गोकुलममध्ये राहणारा. त्याला लडाखला जायचं होतं. त्यासाठी त्याने जॅकेट घेतलं, बूट घेतले, कॅमेरा लावायची पट्टी घेतली. तीन वर्षांत लडाखच्या दिशेने आम्ही रिंग रोडपर्यंत पोचलो. त्याच्या नावावर तीनशे बारा किलोमीटर, त्यातले बरेचसे कॉफी प्यायला. फोटो मात्र माझे मोजता येणार नाहीत इतके. मग त्याने माझ्यावर कव्हर घातलं आणि माझ्या सीटखाली एका उंदरीने बाळंतपण उरकलं. माझ्यावर विसंबून कुणीतरी काही करतंय, एवढंच तेव्हा समाधान.

मग एका शनिवारी गौराबाई आल्या. वय एकोणपन्नास, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. टाकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून इंजिनाखालच्या फरशीवर बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

“ह्याचं तेल कधी बदललंस?”

अनुराग गडबडला. “काकू, गाडी मुलासाठी बघताय का?”

“नाही. माझ्यासाठी.”

“फार हेवी आहे हो.”

“मी पण हलकी नाही,” गौराबाई म्हणाल्या.

मला त्या तिथेच आवडल्या. पण मी तसं दाखवलं नाही.

गौराबाईंचं घराणं रंगाऱ्यांचं. तीन पिढ्यांपूर्वी म्हैसुरात येऊन कापड रंगवणारं. आता रंगाची पिंपं गेली. थोरला भाऊ मालोजीराव मॅचिंग सेंटर चालवतो: ब्लाउजपीस, अस्तरं, साडीला लावायचे फॉल. गौराबाईंनी लग्न केलं नाही. तीस वर्षं त्या त्याच दुकानात काउंटरच्या आत उभ्या आहेत. गिऱ्हाईक पदर पुढे करतं आणि ह्या मागे न बघता कप्प्यात हात घालून नेमका तोच रंग काढतात. दिव्याखाली नाही, दारात नेऊन उन्हात दाखवतात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या साड्यांना रंग जुळवले, आता एकदा धनुष्कोडीला, जिथे जमीन संपते तिथे, स्वतः गाडी चालवत जायचं, असं त्यांनी ठरवलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. मी विचारलंही नाही. मला रस्ता पुरतो.

मला विकत घेतल्यावर गॅरेजवाल्या चिदंबर मेस्त्रीने त्यांना पहिला महिनाभर गाडी चालवूच दिली नाही. दर रविवारी सकाळी तो मला गवतावर आडवी करायचा आणि बाजूला उभा राहायचा.

“अक्का, पाठ सीटला लावा. पायांच्या जोराने उठा. हातांनी उचलायला गेलात तर गाडी मी दुरुस्त करीन, कंबर कोण करणार?”

पहिल्या रविवारी मी जमिनीपासून वीतभर उठले आणि परत पडले. खोटं कशाला, मी थोडी मुद्दाम जड झाले. चौथ्या रविवारी त्यांनी मला एका दमात उभी केली. मग कार्बोरेटर उघडणं, चेनचा ताण बोटाने बघणं, क्लचची तार बदलणं. एकदा चिदंबरने प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“रंग सांगा.”

गौराबाई तो घेऊन दारात उन्हात गेल्या. “बिस्किटी. जरासा विटेकडे झुकलेला.”

चिदंबरने कपाळाला हात लावला. “अय्यो, वीस वर्षं मी नुसतं ‘ठीक आहे’ म्हणत आलोय! ऐका. हा रंग असला की इंजिन सुखात. पांढरा पडला तर हवा जास्त. काळी काजळी धरली तर पेट्रोल जास्त, हवा कमी.”

एवढं एकदाच सांगावं लागलं.

पुढे त्या गल्लीत चालवू लागल्या, मग रिंग रोडवर. आणि एका संध्याकाळी घराच्या दारातच, धुतलेल्या फरशीवर, आम्ही दोघी आडव्या झालो. त्यांची पोटरी सायलेन्सरला भाजली. चूक निम्मी माझी. माझा मागचा टायर गुळगुळीत झाला होता.

मालोजीराव धावत आला. तो वाईट माणूस नाही. घाबरला की ओरडतो, एवढंच.

“बेडा गौरा, नको म्हणून किती सांगितलं तुला! वयाला शोभतंय का गे हे? बन्नूरचा शामसुंदर परवाच विचारत होता. इंजिन पाहिजे त्याला, उसाच्या रसाच्या गाड्याला.”

मित्रांनो, शामसुंदर मला रस्त्यावर चालवणार नव्हता. तो माझं इंजिन कापून काढणार, लाकडी चौकटीत ठोकणार आणि त्यावर चरकाचा पट्टा चढवणार. बेचाळीस हजार किलोमीटर धावलेली मी बन्नूरच्या बसस्टँडवर एका जागी उभी राहून आलं-लिंबू घातलेला रस काढणार! रस पिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण मला चाकं आहेत आणि ती शोभेची नाहीत.

घरात तेव्हा नात्यातली आठ माणसं चहाला बसलेली होती. गौराबाई पोटरीला खोबरेल लावत सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अण्णा, आयुधपूजेच्या दिवशी बोलाव त्याला. कुणाचाही हात न लागता गाडी सुरू करून वरुणेच्या तळ्यापर्यंत गेले नि परत आले नाही, तर दे खुशाल. मी हूं की चूं करायची नाही.”

आठ माणसांनी ऐकलं. आता मागे फिरायची सोय नव्हती, ना त्यांची ना माझी. दुसऱ्याच दिवशी मागचा टायर बदलला.

आयुधपूजा म्हणजे आमच्या म्हैसुरात यंत्रांचा सण. त्या दिवशी स्कूटर, बस, शिवणयंत्र, कातरी, नट खोलायचे पाने, सगळ्यांना गंध लागतं. पाटावर ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. मालोजीरावच्या घरी पाटावर दुकानातली कातरी होती, कापड मोजायचा गज होता, आजोबांचे कापड छापायचे दोन ठसे होते आणि गौराबाईंची पान्यांची पिशवी.

आणि मला सजवलं कुणी? मालोजीरावने. पहाटे स्वतः धुतलं, दोन्ही बाजूंना केळीचे कोंब बांधले, शेवंतीचे पाच हार घातले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून हारांची टोकं बाजूच्या झाकणाच्या फटीत दाबून दाबून बसवली. वर मूठमूठ कुंकू. ज्याला मला विकायचं होतं, त्यानेच इतकं नटवलं. माणसं निरोप देताना फार सढळ होतात.

आरती झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. गौराबाईंनी किक मारली, मी लगेच बोलले. मालोजीराव व्हिडिओ काढत होता, म्हणून मला चार-पाच मिनिटं तशीच चालू ठेवली. आणि माझा श्वास कोंडू लागला. मी खोकले, मागून काळा धूर सोडला आणि लिंबांवर चढायच्या आधीच बंद पडले.

किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. दाराबाहेर शामसुंदर रिकामा टेम्पो घेऊन आलाच होता. तो दोरीची गुंडाळी सोडवू लागला.

“सोड गे,” मालोजीराव हळू आवाजात म्हणाला. “देवीलाच नसेल मान्य.”

गौराबाईंनी हेल्मेट काढलं, सरळ पाटापाशी गेल्या आणि पान्यांची पिशवी उचलली. प्लग पान्यावरचं कुंकू तसंच होतं.

“गौरा! पूजेतलं हत्यार उचलतीस? आज चिदंबरसुद्धा पान्याला हात लावायचा नाही!”

“चिदंबरला कुठं जायचंय आज?”

“शास्त्र आहे ते!”

“अण्णा, आत्ता तूच नमस्कार केलास ह्याला. काय मागितलंस? वेळेला उपयोगी पड म्हणूनच ना? मग पडू दे की उपयोगी.”

नातेवाइकांतली एक म्हातारी काकू तर “बरोबर हाय तिचं” म्हणून मोकळी झाली.

गौराबाईंनी माझा प्लग काढला आणि अंगणात उन्हात धरला. काळाकुट्ट. “हवा नाही मिळत हिला,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाजूचं झाकण उघडलं. एअर फिल्टरच्या तोंडात शेवंतीच्या हाराचं हातभर टोक आत ओढलं जाऊन अडकलेलं, पाकळ्यांचा आणि कुंकवाचा नुसता लगदा! त्यांनी तो काढून मालोजीरावच्या हातात दिला.

“घे. तुझी भक्ती.”

मालोजीराव त्या लगद्याकडे बघतच राहिला. शामसुंदर मात्र हसला आणि दोरी परत गुंडाळू लागला.

फिल्टर झटकला, प्लग घासला, बसवला. एकट्या त्यांनीच. मी पहिल्या किकला उठले. दोन्ही लिंबं फटाफट फोडली आणि आम्ही निघालो.

रस्ता सोपा नव्हता. सणाला दुकानादुकानापुढे कोहळे फोडलेले असतात; त्यांच्या गरावर चाक आलं की गाडी पायाखालून निघून जाते. दोन पोरं आमच्यासमोरच स्कूटरवरून घसरली. गौराबाईंनी ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, मला सरळ ठेवलं, हलक्या हाताने कडेने काढलं. शहराबाहेर पडल्यावर भातशेतं आली, उसाचे फड आले. वरुणेच्या तळ्यापाशी त्या उतरल्या, पोटरीवरचा डाग बघितला, पाणी प्यायल्या आणि वळल्या. मी एकदाही कुरकुरले नाही. नवी असते तर कौतुक वाटलं नसतं. ह्या वयात वाटतं, म्हणून सांगते.

परत आलो तेव्हा सगळे दारातच उभे होते. मालोजीरावने आधी बहिणीच्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे. दोन्ही जागच्या जागी आहेत याची खात्री झाल्यावर त्याला राग आला.

“आता ह्या शामसुंदरला काय सांगू मी? बन्नूरहून आलाय बिचारा!”

“जेवायला वाढ त्याला,” गौराबाई म्हणाल्या. “सणाच्या दिवशी रिकामा कशाला पाठवतोस?”

शामसुंदर जेवला. जाताना माझ्या इंजिनाला कान लावून उभा राहिला आणि मान हलवत निघून गेला.

मित्रांनो, जुन्या यंत्राकडे बघून उसासे टाकू नका. माझी कीवही करू नका. ती टाकीत घालून मी धावत नाही. हार घाला, फोटो काढा, माझी हरकत नाही. पण आमचा श्वास कुठे अडतोय ते आधी उघडून बघा. हात काळे होतील, होऊ द्या. बिघाड झाला की दोष देवीला देऊ नका, प्लग काढा. आणि एवढं जमत नसेल, तर दारातून जरा बाजूला उभे राहा. आम्हाला धनुष्कोडीला जायचंय.