आठव्या गाण्याचा बेस

अल्बम ऐकणाऱ्या प्रत्येकाने तिला एकच सांगितलं, की ऐकताना पाय आपोआप हलायला लागतात. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तर काउंटरवर बोटं वाजवत चार गाणी ऐकली आणि वर विचारलं, की एवढा आनंद तू ठेवतेस कुठे, दुकानात तर कधी दिसत नाही. ती नुसती हसली. हे सगळं उड्या मारणारं संगीत एका माणसाची वाट बघत केलेलं आहे, हे मालकांना काय सांगणार? रडकी गाणी तिला जमतच नसत. जिवाला लागलं की तिचा ठेका आणखी जोरात पळायचा.

घरात तिला धाकटी म्हणत, आणि चाळिशी उंबऱ्यावर आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. दिवसभर ती दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. सकाळी दुकान उघडायच्या आधीचे दोन तास मात्र तिचे. मालकांनी वरचा माळा वापरायला दिला होता, तिथे रिकाम्या खोक्यांच्या मधोमध कीबोर्ड. जॅझ आणि फंक यांचं मिश्रण. नावाला गाणी, पण शब्द एकाही गाण्यात नाही. पाठीशी ना कंपनी, ना निर्माता. ड्रम वाजवायला जुना मित्र ठोक्या, जो एरवी लोकांना गाडी शिकवायचा आणि शिकवून शिकवून इतका धसकला होता की ठेका जरा वाढला तरी त्याचा पाय ब्रेक शोधायचा. बाकी सगळं तिचंच. दोन वर्षांत सात गाणी पूर्ण झाली आणि घोडं अडलं आठव्यावर. त्यात बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, नव्हता. तो दादाने वाजवायचा, हे तिने दादाला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. एके काळी दादा, ती आणि ठोक्या असा तिघांचा बँड होता. बेस वाजवणारा सोबत असला की कीबोर्डवाल्याने डावा हात खालच्या सुरांत घालायचा नसतो; दोघंही एकाच जागी घुसले की नुसता चिखल होतो. धाकटीला हे कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तो सारखा खाली घसरायचा, आणि दादा वाजवता वाजवताच कोपराने तिला ढोसायचा. शेवटी तालमीला ती डावा हात मांडीखाली दाबूनच बसायला लागली.

मग दादाचं लग्न झालं, जुळ्या मुली झाल्या, दुसऱ्या शहरात कागदी पिशव्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. बेस त्याने कोणाला तरी देऊन टाकला. भांडण झालं असतं तर एक वेळ बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. इथे मिटवायला काहीच नव्हतं. महिन्यातून दोनदा फोन व्हायचा, आईच्या गोळ्या आणि मुलींच्या परीक्षा झाल्या की संपायचा. अशी नऊ वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत तिचा डावा हात हळूहळू खाली उतरला आणि दादाचं काम करायला लागला.

गाण्यासाठी ये म्हटलं असतं तर तो आला नसता. म्हणून तिने त्याच्या वाचायच्या चष्म्याचं निमित्त काढलं. डोळ्यांचा नंबर त्याने तिकडेच काढला होता, आणि तयार चष्मा कुरियरने सहज गेला असता. पण धाकटीने ठणकावलं, की डोळ्यांमधलं अंतर मी स्वतः मोजणार, नाहीतर मिळेल त्या दुकानातून घे. दादा एका रविवारी दुपारच्या बसने आला. केस बरेच गेले होते. तिने अंतर मोजलं, काचा बसवल्या, चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि काही सुचायच्या आत त्याला माळ्यावर नेऊन बसवलं.

पहिलं गाणं लावलं तेव्हा तो खोक्याला टेकून होता. दुसऱ्याला ताठ बसला. पाय हलत होते, त्याचेही. तिसरं संपल्यावर त्याने विचारलं, की बेसला कोणाला घेतलंस. तिने डावा हात वर केला. दादा मोठ्याने हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि तिला वाटलं, झालं, आला हा परत. सातवं संपेपर्यंत मात्र त्याचं हसू ओसरलं होतं.

"मी समेवर असा उशिरा यायचो?" त्याने विचारलं.

"नेहमी."

"उशीर नव्हता गं तो. तू घाई करायचीस. म्हणून आधी तुझ्याकडे बघायचो आणि मग यायचो."

 तो उशीर तिने इमानेइतबारे सातही गाण्यांत उतरवला होता. ती दादाची लकब आहे, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती. त्या एवढ्याशा थांबण्यात तो आपल्याकडे बघत होता, हे तिला आज कळलं.  तिने पटकन आठवं गाणं लावलं आणि ठोक्याकडून मागून आणलेला बेस दादाच्या हातात दिला.

नाही म्हणायची त्याला संधीच मिळाली नाही. त्याने तारा लावून घेतल्या, दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. बोटं मऊ पडली होती आणि तारांना ते लगेच समजलं. तिसऱ्यांदा त्याने बेस हळूच खोक्यांवर आडवा ठेवला.

"तूच वाजव. तुझ्या हाताला माझं सगळं येतं."

तिने वाजवून दाखवलं. त्याच्या जुन्या जागा, त्याच्या जुन्या गिरक्या, एकही चुकली नाही. दादा डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने मान हलवली.

"हे नऊ वर्षांपूर्वीचं झालं. गाणं तर आजचं आहे."

"मग आज काय वाजवशील?"

"तेच तर," दादा म्हणाला. "मलाच माहीत नाही."

ती कीबोर्डवर हात तसेच ठेवून बसली. दुकानात येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ती विचारायची, की काम काय करता, दिवसभर कुठे बघता, किती लांबचं बघता. त्याशिवाय काच बसवायचीच नाही, असा तिचा खाक्या. आणि सख्ख्या भावाच्या काचा तिने आज बसवल्या त्या अंदाजाने, स्वरलिपीचा कागद जेवढ्या अंतरावर असतो तेवढं अंतर धरून. असा कागद त्याने बघितल्याला वर्षं लोटली असणार. तिला त्या माणसाची इतकी ओढ लागली होती, की तो आता कोण आहे हे विचारायचंच राहून गेलं. विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोवर बसची वेळ झाली. दादाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि जिना उतरला.

अल्बम तिने महिनाभरात इंटरनेटवर सोडला, आठवं गाणं बेसशिवाय. ठोक्याने तिला फैलावर घेतलं; म्हणाला, चाक न लावता गाडी रस्त्यावर आणलीस. अनोळखी लोकांनीही लिहिलं, की सात गाण्यांवर घरभर नाचलो, शेवटच्या गाण्याची फाइल बिघडली आहे का? तिने कोणाला उत्तर दिलं नाही. सकाळी माळ्यावर ती सातही गाणी वाजवायची. आठवं सुरू झालं की हात थबकायचा, आणि तिला दादा इतका हवासा वाटायचा की गाणं अर्ध्यावर बंद करावं लागायचं.

तीन आठवड्यांनी दादाचा मेसेज आला. वहिनी नाही, मुली नाहीत, आईच्या गोळ्या नाहीत, फक्त दोन ओळी.

"आठवं रोज ऐकतो, कंपनीच्या बसमध्ये, जाताना आणि येताना. कुठून शिरायचं ते अजून सापडत नाहीये."

धाकटी हातातली काच बाजूला ठेवून उभी राहिली. 'कधी येतोस' लिहिलं आणि पुसलं. 'घाई नाही' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी तिने गाण्याबद्दल काहीच लिहिलं नाही. तुझी कारखान्यातली पाळी किती वाजता संपते आणि तिथे तू नक्की काय काम करतोस, एवढंच विचारलं.